साठीनंतर पुन्हा बाईक: थोडं एकट्याने, थोडं बायकोला मागे घेऊन

प्रश्न असा आहे. वय ६१, नुकतेच रिटायर झालात, विशी-तिशीत भरपूर बाईक चालवली, मग संसार, चारचाकी, आणि मधली जवळजवळ पंचवीस वर्षं हँडलला हात नाही. आता परत घ्यायची म्हणताय, थोडं एकट्याने फिरायचं, थोडं बायकोला मागे बसवून. मुलं म्हणतात या वयात कशाला. तर घ्यावी का, कुठली घ्यावी आणि काय काय सांभाळावं.

घ्या. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हा माणूस आपल्याला घाबरवतोय असं वाटायला नको. मी ६७ चा आहे, चाळीसच्या वर वर्षं गाडी चालवतोय, त्यातली पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्यांना शिकवतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तुमच्यासारखे मोठा खंड पडून परत आलेले लोक बरेच असतात. त्यातले बहुतेक छान चालवतात. जे अडखळतात ते वयामुळे कमी आणि जुन्या आठवणीवर विसंबल्यामुळे जास्त अडखळतात असा माझा अनुभव आहे.

हात विसरत नाहीत हे खरंय. क्लच सोडणं, गियर टाकणं दहा मिनिटांत परत येतं. आणि तिथेच गफलत होते, कारण हातांना आठवलं की माणसाला वाटतं सगळंच आठवलं. पण वळणात किती वेगाने शिरायचं, समोरचा कारवाला आता वळणार आहे हे त्याच्या पुढच्या चाकावरून कसं ओळखायचं, ओल्या रस्त्यावर ब्रेक किती दाबायचा, ही सगळी रोजच्या सरावाची कामं आहेत आणि पंचवीस वर्षांत तो सराव गेलेला असतो. त्यात गाड्याही बदलल्या. मोटरसायकलवर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, पहिल्यांदा आलं १९८८ साली, बीएमडब्ल्यूच्या के १०० वर, पण साध्या गाड्यांपर्यंत झिरपायला त्याला खूप वर्षं लागली, म्हणजे तुमच्या हाताला त्याची सवय नसणार. जोरात ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली थरथरते, नव्या माणसाला वाटतं काहीतरी मोडलं आणि तो ब्रेक सोडून देतो. सोडायचा नाही, दाबून धरायचा. हे मोकळ्या जागेत स्वतः करून बघितल्याशिवाय अंगात येत नाही, म्हणून पहिलं काम म्हणजे एखाद्या चांगल्या ट्रेनरकडे एक-दोन दिवस काढा. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, मी स्वतः दर दोन वर्षांनी दुसऱ्या ट्रेनरकडे जाऊन बसतो आणि प्रत्येक वेळी तो माझी एक तरी वाईट सवय काढून दाखवतो.

आता मुख्य गोष्ट. या वयातल्या बाईकिंगचं सगळं गणित माझ्या मते वेळेचं आहे. डोळ्यांनी बघून, मेंदूला कळून, हाताने ब्रेक दाबेपर्यंत आपल्याला तरुण माणसापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. ते बदलता येत नाही. पण तो वेळ दुसरीकडून मिळवता येतो, अंतर वाढवून, वेग थोडा उतरवून, हलकी गाडी घेऊन, उजेडात चालवून, दिवस छोटा ठेवून. मी खाली जे काही लिहिणार आहे ते फिरून फिरून याच्यावरच येईल.

आकडे बघा. ६० किमीच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते. म्हणजे तुम्हाला समजायला अर्धा सेकंद जास्त लागला तर ब्रेक लागायच्या आतच गाडी आठ मीटर पुढे गेली, जवळजवळ दोन कारची लांबी. ८० ला तेच अंतर अकरा मीटर होतं. आणि ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेग दुप्पट तर अंतर चौपट, कोरड्या चांगल्या रस्त्यावर ६० वरून थांबायला ब्रेक लागल्यापासून अंदाजे २० मीटर लागत असतील तर ८० वरून ३५ च्या वर लागतात. म्हणजे वेग नुसता ८० चा ७० केलात तरी ब्रेकचं अंतर जवळजवळ पाऊणपट होतं, आणि प्रवासाच्या आनंदात तसूभरही फरक पडत नाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतर मीटरमध्ये मोजायच्या भानगडीत पडू नका, तिने एखादा खांब ओलांडला की मनात मोजायला लागायचं, तुम्ही त्या खांबापाशी चार सेकंदांच्या आत पोचलात तर मागे या. मधे कोणी घुसलं तर घुसू दे. परत मागे या.

चौक आणि जोडरस्ते इथे विशेष जीव ठेवा. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, १९८१ साली तो अहवाल आला, आणि दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींमध्ये सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघालं की कारवाला बाईकच्या वाटेत आडवा आला, कारण त्याला बाईक दिसलीच नाही किंवा फार उशिरा दिसली. इतकी वर्षं झाली, हे अजून तसंच चालू आहे. बाईक अरुंद असते, समोरून येताना तिचा वेग डोळ्याला नीट कळत नाही, कारच्या खिडकीच्या खांबामागे ती अख्खी लपते. त्यामुळे ड्रायव्हर तुमच्याकडे बघतोय म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय असं धरून चालू नका. त्याच्या चाकाकडे बघा, चेहरा फसवतो पण चाक फिरायला लागलं की कळतं. चौकाजवळ येताना ॲक्सिलरेटर सोडायचा, दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर ठेवायची, आणि लेनमध्ये थोडं इकडेतिकडे सरकायचं म्हणजे हलणारी वस्तू म्हणून तरी नजरेत भराल. बोटं आधीच लिव्हरवर असली की तुम्ही तो अर्धा सेकंद परत मिळवलात.

डोळे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक गुडघ्यांची चिंता करतात आणि डोळे विसरतात. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळट झालेलं असतं, म्हणून. दिवसा जाणवत नाही पण संध्याकाळी करड्या रस्त्यावरचा करडा खड्डा दिसतच नाही. मोतीबिंदूची नुसती सुरुवात असली तरी समोरच्या हेडलाईटभोवती वलय दिसतं आणि मग डोळे दिपले की परत सावरायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात आपण आंधळेपणाने पन्नास मीटर गेलेलो असतो. तर गाडी घ्यायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांना स्पष्ट सांगा की मी बाईक चालवणार आहे, नुसतं नंबर तपासा म्हणून सांगू नका, बाजूची नजर, मोतीबिंदू, डोळ्यातला दाब सगळं बघायला सांगा. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेला) असेल तर बाईकसाठी लांबच्या एका नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या असं मी म्हणेन. प्रोग्रेसिव्हच्या काचेत कडेला बघितलं की धूसर दिसतं, आणि बाईकवर तर आपण सतत कडेलाच बघत असतो, आरशात, खांद्यावरून मागे, चाकापुढच्या रस्त्यावर. चष्म्याच्या काड्या सरळ आणि पातळ असू द्या, हेल्मेटमध्ये सहज शिरतात आणि कानामागे टोचत नाहीत. काळी किंवा रंगीत काच दिवसापुरतीच, संध्याकाळ व्हायच्या आत बदलायची. आणि हेल्मेटच्या काचेवर बारीक ओरखडे पडले असतील तर नवीन काच टाका, रात्री त्या प्रत्येक ओरखड्यातून उजेड फुटतो.

मान वळते का तेही बघा. खुर्चीत बसून हनुवटी खांद्यापर्यंत जाते का बघा. नसेल जात तर रोज पाच मिनिटं हळूहळू व्यायाम करा आणि गाडीवर मागे बघताना नुसती मान न वळवता खांदाही थोडा वळवा, फक्त हँडलवर जोर येऊ देऊ नका, नाहीतर बघता त्या बाजूला गाडी सरकते.

आता गाडी कुठली. लांबच्या प्रवासाची मोठी टूरिंग गाडी डोळ्यात भरते, मला कळतं, आयुष्यभर पैसे जमवलेत आणि आता ती ऐटबाज गाडी घ्यावी असं वाटणं अगदी बरोबर आहे. होंडाच्या गोल्ड विंगसारखी गाडी रस्त्यावर धावत असताना लोण्यासारखी चालते हेही खरंय. पण तिचं वजन साडेतीनशे किलोच्या वर, आणि ते वजन धावताना त्रास देत नाही, उभं राहिल्यावर देतं. पार्किंगमधून मागे ढकलताना, उतारावर यू टर्न घेताना, पायाखाली खडी आल्यावर. आमच्या वयाचे बहुतेक लोक गाडी पाडतात ती शून्य ते पाच किमीच्या वेगाला. म्हणून माझी परीक्षा साधी आहे. शोरूममध्ये गाडीवर बसा, दोन्ही पाय पूर्ण टेकतात का बघा, नुसते चवडे नाहीत, टाचा. मग खाली उतरा आणि अगदी थोड्या चढावर ती एकट्याने मागे ढकलून दाखवा स्वतःला. साइड स्टँडवरून सरळ करा, परत टेकवा, दहा वेळा. दम लागला तर ती तुमची गाडी नाही, कितीही आवडली तरी. दीडशे ते दोनशे किलोतली, ताठ बसून चालवायची, हँडल जवळ असलेली गाडी घ्या, एक-दोन वर्षं चालवा, मग मोठी घ्यायची तर घ्या. बरेच जण दोन वर्षांनी म्हणतात की हीच बरी.

अंगठ्याच्या किंवा मनगटाच्या सांध्यात दुखत असेल तर क्लच हा रोजचा छळ होतो. त्यासाठी आता हाताने क्लच दाबावा न लागणाऱ्या गाड्या आहेत, होंडाने २०१० च्या व्हीएफआर १२०० एफ वर डबल क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स आणला आणि नंतर बऱ्याच मॉडेलना दिला. मोठ्या इंजिनच्या स्कूटरही आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही, पाय टाकीवरून पलीकडे टाकायचा त्रास वाचतो, पाऊस-वाऱ्याला पुढे आडोसा असतो, दोघांना ऐसपैस बसता येतं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एकाला मी स्कूटरवर आणलं, तो आता माझ्यापेक्षा जास्त फिरतो.

वय झालं म्हणून छोटी गाडी म्हणजे छोटा प्रवास असंही काही नाही. टेड सायमन हे ब्रिटिश पत्रकार १९७३ ला ५०० सीसीच्या ट्रायम्फवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि चार वर्षांनी परतले, आणि मग २००१ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, तोच रस्ता परत करायला निघाले. लोक न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोचंही उदाहरण देतात, ६८ व्या वर्षी १९६७ मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलला १९२० च्या इंडियन स्काऊट बाईकवर वेगाचा विक्रम केला म्हणून, आणि मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे, पण तो मिठाचा मोकळा सपाट मैदानी ट्रॅक होता, तिथे जोडरस्त्यातून कार येत नव्हती. आपल्याला सायमनचं उदाहरण जवळचं.

गाडी आल्यावर पहिले पाचशे किलोमीटर एकट्याने. बायकोला आत्ता मागे बसवायचं नाही, तिने कितीही आग्रह केला तरी. भल्या पहाटे नको, उजाडल्यावर, रविवार सोडून, ओळखीच्या रस्त्यावर जा. रिकाम्या मैदानात किंवा मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास हळू चालवायचा सराव करा: क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक हलकासा धरून, पायी चालायच्या वेगाने गोल फिरायचं, नजर चाकाकडे न ठेवता जिथे जायचं तिकडे. नजर खाली गेली की गाडी पडते, नजर वर ठेवली की ती आपोआप वळते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मला शिकवताना विद्यार्थ्याच्या हातांकडे बघावं लागत नाही, हेल्मेट कुठे वळलंय एवढं बघितलं की पुरतं. मग ५० वरून जोरात थांबायचा सराव, पुढचा ब्रेक एकदम न दाबता पिळत पिळत वाढवायचा. आणि मग वेगात हँडल ढकलायचा सराव, म्हणजे डावीकडे जायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं, गाडी डावीकडे वाकते. आपण सगळे नकळत हेच करत असतो पण मुद्दाम करता आलं पाहिजे, अचानक काही आडवं आलं की तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

एकट्याने फिरण्याबद्दल थोडं सांगतो, ते मला फार प्रिय आहे. ग्रुपमध्ये गेलं की दुसऱ्याच्या वेगाने जावं लागतं आणि या वयात ते सगळ्यात धोकादायक, चाळिशीतला पोरगा पुढे वळण घेतो आणि आपण त्याच्या मागच्या दिव्याकडे बघत त्याच वेगाने शिरतो. एकट्याला असं काही नसतं. वाटलं तिथे थांबा, पूल आवडला तर अर्धा तास बसा, अंग कंटाळलं तर परत फिरा, कोणाला सांगावं लागत नाही. माझा ठरलेला दिवस म्हणजे दीडशे ते दोनशे किलोमीटर, दर तासाला थांबा, आणि अंधाराच्या दोन तास आधी घरी. घरी रस्ता सांगून जायचं, फोनवर लोकेशन चालू ठेवायचं, जॅकेटच्या वरच्या खिशात एक कार्ड: नाव, रक्तगट, चालू औषधं, कोणाला फोन करायचा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते त्या कार्डावर मोठ्या अक्षरात हवंच, आणि अशी गोळी घेणारा माणूस पडला आणि डोक्याला नुसता दणका बसला, काही दुखत नाही म्हणाला तरी दवाखान्यात जायचं, आत रक्तस्राव हळू होऊन उशिरा कळू शकतो.

औषधांवरून आठवलं. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या झोप आणतात, त्या आदल्या रात्री घेतल्या तरी सकाळी डोकं जड असतं. बीपीच्या काही गोळ्यांनी बसून एकदम उठलं की चक्कर येते, म्हणजे दोन तास गाडीवर बसून उतरताना सांभाळायचं, आधी स्टँड लावायचा, क्षणभर थांबायचं, मग पाय काढायचा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरली की नजर आणि निर्णय बिघडतो, हात कापतात, त्यामुळे खिशात गोड ठेवायचं आणि वेळेवर खायचं. डॉक्टरांना विचारताना 'गाडी चालवू का' असं विचारू नका, ते कार समजतात, 'दुचाकी' म्हणून सांगा. आणि वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून पाणी पिणं कमी करायची चूक आपल्या वयाचे पुरुष सर्रास करतात. तसं करू नका, थांबे वाढवा. पाणी कमी पडलं की लक्ष उडतं, आणि आपल्या वयात तहान तशीही कमीच कळते.

हवामान शरीराला आता जास्त लागतं. १० अंशाच्या थंडीत ८० च्या वेगाने उघड्या त्वचेला ४ अंशांच्या आसपास वाटतं. बोटं गारठली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणजे परत तेच, वेळ. उलट कडक उन्हात, हवा अंगापेक्षा गरम असेल तेव्हा, जॅकेट काढून वारा घेतला तर गारवा मिळत नाही, गरम वारा अंग तापवतो आणि घाम सुकवून पाणी ओढून घेतो. अशा वेळी आतला शर्ट ओला करून वरून जाळीचं जॅकेट चेन लावून घालायचं, हे एकदा करून बघा.

हेल्मेटमध्ये काटकसर नको. पूर्ण चेहरा झाकणारं, घट्ट बसणारं, गाल थोडे दाबले जातील असं. युरोपचा आताचा दर्जा ईसीई २२.०६, तो शिक्का असला तर उत्तम. पडलं किंवा पाच वर्षं झाली की बदला. कानात फोमचे बोळे घाला, १०० किमीच्या आसपास वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो, आपल्याकडे जे काही ऐकू येणं उरलंय ते जपलं पाहिजे, शिवाय दिवसअखेर थकवा निम्मा वाटतो. हॉर्न आणि सायरन बोळ्यांतूनही येतात. जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याला गार्ड. हाडं आता पूर्वीसारखी नाहीत, तिशीत जिथे खरचटलं असतं तिथे आता बरगडी मोडते, म्हणून जमत असेल तर एअरबॅगवालं जॅकेटही घ्या, माझ्या बायकोला मी आधी घेतलं आणि मला नंतर.

आता तिच्याबद्दल, म्हणजे मागे बसणाऱ्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे.

दहाएक वर्षांपूर्वी मी तिला पाडलं. सिग्नल नाही, ट्रॅफिक नाही, नकाशा बघायला रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. माझा डावा पाय बारीक खडीवर टेकलेला होता आणि मला ते माहीत होतं, मी पाय नीट ठेवणारच होतो, तेवढ्यात तिला वाटलं थांबलो म्हणजे उतरायचं. तिने उतरायला म्हणून डावीकडे वजन टाकलं आणि माझा पाय सरकला. गाडी इतकी हळू कलंडली की मला सगळं दिसत होतं आणि काहीच करता येत नव्हतं. तिच्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. चूक तिची नव्हती, मी तिला कधी सांगितलंच नव्हतं की कधी उतरायचं. तीस वर्षं ती माझ्या मागे बसत होती आणि आम्ही त्यावर एकदाही बोललो नव्हतो.

तेव्हापासून आमचा नियम आहे. मी दोन्ही पाय टेकवतो, पुढचा ब्रेक धरतो, मग म्हणतो "हं, बस". ती माझ्या खांद्यावर दोनदा थोपटते, म्हणजे चढतेय. बसली, पाय फूटरेस्टवर आले की एकदा थोपटते, म्हणजे निघा. उतरतानाही तसंच, मी "हं" म्हटल्याशिवाय ती हलत नाही. मांडीवर दोन टिचक्या म्हणजे थांबायचंय, सावकाश जागा बघ. खांदा घट्ट दाबला म्हणजे आत्ता थांब. इंटरकॉम आहे आता आमच्याकडे आणि तो फार छान आहे, ती मला पक्षी दाखवते, पण थोपटणं चालूच आहे, बॅटरी संपते आणि हात संपत नाही.

चढायची सोय बघा. आपल्या बायकांचे गुडघे आणि खुबे आपल्याइतकेच जुने आहेत. मागची सीट फार उंच असलेल्या गाड्या टाळा. फुटपाथच्या कडेला किंवा पायरीला लावून गाडी उभी केली तर चढणं निम्मं सोपं होतं. दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसायचं, एका बाजूला नाही. मागे पाठीला टेकू असलेली टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागची सामानाची पेटी, बसवून घ्या, ॲक्सिलरेटर दिल्यावर मागे सांडू ही भीती गेली की तिचं अर्धं अंग मोकळं होतं. ब्रेक लागताना ती पुढे सरकते, तेव्हा तुमच्या कमरेला धरण्यापेक्षा एक हात टाकीवर टेकता आला किंवा सीटच्या कडेची धरायची दांडी (ग्रॅब रेल) धरता आली तर तिचं वजन तुमच्या मनगटांवर येत नाही. वळणात तिने काय करायचं? जवळजवळ काहीच नाही, तुमच्या वळणाकडच्या खांद्यावरून पुढे रस्ता बघायचा, एवढंच. त्याने अंग आपोआप योग्य तेवढं वाकतं. घाबरून उलट्या बाजूला झुकणं एवढं टाळायचं.

गाडीलाही दोघांसाठी तयार करावं लागतं आणि हे लोक कधीच करत नाहीत. मागच्या शॉकअपला खाचांची रिंग किंवा फिरवायची नॉब असते, प्रीलोड म्हणतात, तो वाढवायचा. नाही वाढवला तर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होऊन हँडल भरकटल्यासारखं वाटतं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जाते, त्यामुळे हेडलाईटही खाली करून घ्यायची. टायरची हवा दोघांसाठी वेगळी असते, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, टायर थंड असताना मोजायची. टायरवर चार आकडे एकत्र छापलेले असतात तेही बघा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, नक्षी भरपूर दिसली तरी जुना झालेला टायर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर पकडत नाही. चेनचा ढिलेपणा तपासा, तोही मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. ब्रेक नेहमीएवढाच दाबला तर गाडी उशिरा थांबते, जास्त दाबावा लागतो, आणि मागच्या चाकावर वजन असल्यामुळे मागचा ब्रेक एकट्याने असताना देतो त्यापेक्षा जास्त काम देतो, तो वापरा.

आणि चालवणं. माझ्या मते मागे माणूस घेऊन नीट चालवता आली की खरी चालवता आली. गियर बदलताना तिचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं का? आपटत असेल तर तुमचा हात अजून ओबडधोबड आहे. ॲक्सिलरेटर सोडणं आणि देणं इतकं सावकाश हवं की तिला गियर पडलेला कळू नये. मी एकट्याने असतानाही असंच चालवतो, मागे कोणी डुलकी घेतंय असं समजून, आणि त्याने माझं एकट्याचं चालवणंही सुधारलं.

तिची पहिली फेरी वीस मिनिटांची ठेवा. अर्ध्या दिवसाची नाही. परत आल्यावर विचारा काय दुखलं, कुठे भीती वाटली, आणि ती सांगेल त्यावर वाद घालू नका. बहुतेक बायका दुखतंय हे सांगत नाहीत, सहन करतात आणि मग तिसऱ्या वेळी "तुम्ही जा, मला काम आहे" म्हणतात. सीट कडक आहे म्हणाली तर सीट करून घ्या. चाळीस मिनिटांनी थांबायचं असेल तर चाळीस मिनिटांनी थांबा, तिने मागायच्या आधी. तिला स्वतःचं मापाचं हेल्मेट आणि जॅकेट, तुमचं जुनं नाही. आणि कुठे जायचं हे एक वेळ तुम्ही, एक वेळ तिने ठरवायचं.

मुलांचं म्हणाल तर त्यांना समजावत बसू नका. ट्रेनिंगचं, डोळ्यांच्या तपासणीचं आणि हेल्मेटचं दाखवा, आणि फिरायला जाल तेव्हा सांगितलेल्या वेळेला परत या. सहा महिने असं झालं की ती आपोआप निवळतात.

कधी थांबायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगतो. लोक सारखे हॉर्न मारायला लागले आणि का मारला ते कळेना, एका महिन्यात दोनदा गाडी उभ्याउभ्या कलंडली, ओळखीच्या वळणात रुंद जायला लागलो, तर आधी डॉक्टर, मग ट्रेनर, आणि मग पुढचं ठरवायचं. दोन चाकांनंतरही वाट आहे, २००६ पासून पियाजिओची एमपी३ आहे, पुढे दोन चाकं आणि तरी बाईकसारखी वाकणारी, किंवा बाजूला जोडायची साइडकार, किंवा तीनचाकी ट्राइक. आमच्याकडे हे ठरवायचा हक्क मी बायकोला दिलाय, कारण माझ्या चालवण्यातला फरक माझ्या आधी तिला कळतो. गेल्या पावसाळ्यात एकदा परतायला उशीर झाला, घरी पोचल्यावर ती हेल्मेट काढत म्हणाली, "अहो, आज तुम्ही खड्डे बघत नव्हता, मी बघत होते." तेव्हापासून दिवस मावळल्यावर मी गाडी काढत नाही.